कांदा ट्रकने जावा, रेल्वेने की गोदावरीतून?

२० ऑक्टोबर २०२४ ला कांद्याने भरलेली एक मालगाडी लासलगावहून दिल्लीच्या किशनगंज स्टेशनात पोहोचली. ४२ वॅगन, १,६०० टन कांदा. दिल्लीतले भाव आवरण्यासाठी केंद्र सरकारने आपल्या साठ्यातला कांदा रेल्वेने हलवायला सुरुवात केली होती आणि गाडीला 'कांदा एक्सप्रेस' असं नाव दिलं होतं. भाव पाडायला निघालेल्या गाडीबद्दल निफाड-चांदवडच्या शेतकऱ्याला काय वाटलं असेल ते सांगायला नको, आणि त्याचं म्हणणं रास्तच आहे. पण त्या निमित्ताने सरकारने वाहतूक खर्चाचा एक आकडा दिला, तो मात्र आपण सगळ्यांनी नीट बघण्यासारखा आहे. नाशिक ते दिल्ली एक रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, नेण्याचा खर्च ७० लाख २० हजार रुपये. तोच माल ट्रकने नेला तर ५६ ट्रक लागतात आणि खर्च येतो ८४ लाख.

पावणेचौदा लाख वाचले म्हटलं की रक्कम मोठी वाटते. १,६०० टनांवर वाटून पाहा. रेल्वेने किलोमागे ४ रुपये ३९ पैसे, ट्रकने ५ रुपये २५ पैसे. फरक ८६ पैशांचा.

आता कोड्याचा भाग. एक टन माल एक किलोमीटर न्यायला रेल्वेला ट्रकच्या साधारण एक तृतीयांश इंधन लागतं आणि नदीतल्या बार्जला, म्हणजे सपाट मालवाहू नावेला, त्याहूनही कमी. अमेरिकेत तिन्ही साधनं भरपूर वापरात आहेत. तिथल्या अभ्यासांत दिसतं की जेवढ्या डिझेलमध्ये ट्रक एक टन माल एक किलोमीटर नेतो, तेवढ्यात रेल्वे तीन किलोमीटरहून थोडं जास्त आणि बार्ज चार किलोमीटरहून थोडं जास्त नेतो. मग भाड्यात फरक जेमतेम सोळा टक्क्यांचा का? आणि बार्ज इतका स्वस्त असेल तर नाशिकला नदी असून आपण तिच्यातून पोतंभर मालही का नेत नाही?

चाक, रूळ आणि पाणी

सपाट जमिनीवर गाडी एकाच वेगाने चालत असेल तर इंजिनाला मालाचं वजन उचलायचं नसतं, फक्त अडथळा मोडायचा असतो. ट्रकचं टायर रस्त्याला टेकतं तिथे दबतं, पुढे सरकलं की पुन्हा फुगतं. दर फेऱ्यात हे होतं आणि त्यात ताकद उष्णता होऊन वाया जाते. लांबचा पल्ला मारून आलेल्या गाडीच्या टायरला हात लावला की ती उष्णता कळते. एक टन वजन असं लोटत ठेवायला साधारण आठ किलोचा जोर लागतो. रेल्वेचं पोलादी चाक पोलादी रुळावर जवळजवळ दबतच नाही. दोन्हींचा स्पर्श होतो ती जागा अंगठ्याच्या नखाएवढी. तिथे टनामागे दोन किलोच्या आसपास जोर पुरतो. शिवाय एकामागे एक चाळीस-पन्नास वॅगन असल्या की समोरची हवा फाडायचं काम मुख्यतः पुढच्या डब्यांवर येतं.

पाण्यात चाकच नाही. तरंगणाऱ्या बार्जला पाणी बाजूला सारत जायचं असतं आणि हळू गेलं तर पाणी फारसं आडवं येत नाही. पण वेग वाढवला की ते चांगलंच अडवतं. वेग दुप्पट केला तर विरोध चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपट. म्हणून बार्ज माणसाच्या धावण्याच्या वेगाने जातात, आणि त्यांना तेच परवडतं. एका अश्वशक्तीत रस्त्यावर १५० किलो, रुळावर ५०० किलो आणि पाण्यावर ४,००० किलो माल हलतो, हे वाक्य जलवाहतुकीवरच्या आपल्याकडच्या बहुतेक अहवालांत सापडतं. त्यातला ४,००० चा आकडा संथ वेगाचा आहे. प्रवाहाविरुद्धचा प्रवास, वळणं आणि वाटेतले थांबे धरून पूर्ण फेरीचा हिशोब केला की फरक वरच्यासारखा, म्हणजे चारपटीच्या आसपास उतरतो.

थळ घाटात हिशोब बदलतो

हे सगळं सपाटीचं झालं. नाशिक सपाटीवर आहे, पण मुंबई आणि नाशिक यांच्यामध्ये सह्याद्री आहे. कसारा ते इगतपुरी हा रेल्वेचा थळ घाट १८६५ मध्ये सुरू झाला. त्यातला सर्वांत कडक चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. ऐकायला हा चढ किरकोळ वाटतो. रस्त्यावर असा चढ आला तर दुचाकीवाल्याला गिअर बदलावासाही वाटणार नाही. रेल्वेसाठी मात्र तो भारतातल्या मुख्य मार्गांवरच्या अवघड चढांपैकी एक आहे.

का, ते आकड्यांतच पाहू. ३७ ला १ चढावर प्रत्येक टनामागे २७ किलोचा जोर केवळ वजन वर चढवण्यासाठी लागतो. चाक पोलादाचं असो की रबराचं, त्यात काही फरक पडत नाही. सपाटीवर रेल्वेला टनामागे २ किलो आणि ट्रकला ८ किलो जोर लागत होता. घाटात रेल्वेला २९ लागतो, ट्रकला ३५. सपाटीवरची चौपट आघाडी घाटात सव्वापटीवर येते.

त्यात आणखी एक अडचण. पोलादावर पोलाद गुळगुळीत असतं म्हणून रेल्वे स्वस्त पडते, आणि तोच गुळगुळीतपणा चढावर आडवा येतो. इंजिन कितीही ताकदवान असलं तरी त्याची चाकं रुळाला जेवढं धरून ठेवू शकतात, तेवढीच ओढ त्याला लावता येते. त्याच्या पुढे चाक जागच्या जागी गरगर फिरतं. आपल्याकडचं डब्ल्यूएजी-९ हे मालगाडीचं इंजिन १२३ टनांचं आहे आणि जास्तीत जास्त ४६-४७ टन वजनाइतकी ओढ देतं. कांद्याच्या रेकमधला माल आणि रिकाम्या वॅगनचं वजन मिळून २,७०० टनांच्या घरात जातं. सपाटीवर एवढी गाडी चालती ठेवायला साडेपाच टनांची ओढ बास होते, म्हणजे एका इंजिनाच्या दृष्टीने काहीच नाही. तीच गाडी थळ घाट चढवायची तर ७८ टनांची ओढ हवी. एक इंजिन पुरत नाही आणि दोन अगदी काठावर पडतात, त्यात पावसाने रूळ ओला असेल तर विचारायलाच नको.

म्हणून कसाऱ्याला गाडीला मागून जास्तीची इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. कसाऱ्याला गाडी जरा जास्त वेळ का थांबते, मागून हलकासा धक्का का बसतो, हे मुंबईहून नाशिकला येणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी विचारलेलं असतं. बँकर मागे लावण्याला कारण आहे. सगळी ओढ पुढून लावली तर पहिल्या काही डब्यांच्या जोडण्यांवर प्रचंड ताण येतो. मागून ढकललं की ताण वाटला जातो आणि वाटेत जोडणी तुटलीच तर मागचे डबे घरंगळत खाली जात नाहीत. उतरताना प्रश्न उलटा असतो, तेव्हा ब्रेक सांभाळावे लागतात. नव्या इंजिनांची एक गोष्ट मला फार आवडते. उतारावर त्यांच्या मोटरी जनित्रासारख्या चालतात आणि तयार झालेली वीज वरच्या तारेत परत जाते, म्हणजे चढणाऱ्या गाडीचा थोडा भार उतरणारी गाडी उचलते.

पण या सगळ्याला वेळ लागतो. बँकर लावा, काढा, रिकामं इंजिन खाली आणा. त्याच रुळांवरून मेल-एक्सप्रेसही जायच्या असतात. घाटाच्या या अरुंद तोंडातून दिवसाला किती मालगाड्या काढता येतील याला मर्यादा आहे. मुंबई बंदरांच्या दिशेने नाशिकचा माल रेल्वेने फारसा का जात नाही, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

जाता जाता पाइपलाइनचं सांगायला हवं. मुंबईच्या रिफायनरीतलं पेट्रोल-डिझेल पाइपने सह्याद्री चढून मनमाडजवळ पानेवाडीच्या डेपोत येतं. तिथे वर चढतो तो फक्त माल. गाडीचं वजन चढवायचं नाही आणि रिकामी गाडी परत न्यायची नाही. घाटासाठी याहून चांगलं साधन नाही, फक्त त्यातून कांदा जात नाही.

नदी जिथे खरोखर माल वाहते

अमेरिकेच्या मिसिसिपी नदीवरचा ठरलेल्या मापाचा एक बार्ज १९५ फूट लांब आणि ३५ फूट रुंद असतो. त्याला स्वतःचं इंजिन नसतं, तो म्हणजे वरून झाकण असलेली पोलादी पेटी. त्यात १,३०० टनांहून जास्त माल मावतो. अशा १५ पेट्या, तीन-तीनच्या पाच ओळी, तारांनी घट्ट बांधतात आणि मागून एकच बोट सगळा तांडा ढकलत नेते. एकूण माल २० हजार टनांवर, म्हणजे एका बोटीमागे बारा-तेरा कांदा एक्सप्रेस. तिकडच्या हिशोबाने १,०५० मोठे ट्रक. बोटीवर माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

मात्र ती नदी निसर्गाने तशी दिलेली नाही. मिनियापोलिस ते सेंट लुईस या सुमारे १,०८० किलोमीटरमध्ये नदी १२८ मीटर खाली उतरते. एवढ्या उतारावर उन्हाळ्यात पाणी पसरट आणि उथळ होतं. म्हणून मुख्यतः १९३० च्या दशकात तिथे एकामागे एक बंधारे बांधून नदीचा पायऱ्या-पायऱ्यांचा जिना केला. प्रत्येक बंधाऱ्यामागे नऊ फूट खोली राहील इतकं पाणी अडवलं आणि बंधाऱ्याच्या बाजूला बोट खाली-वर नेण्यासाठी दोन्हीकडे दारं असलेला हौद ठेवला, त्याला लॉक म्हणतात. असे २९ लॉक आहेत.

त्यातला एखादा लॉक ओलांडणं कसं चालतं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. बऱ्याच लॉकचा हौद ६०० फूट लांब आणि ११० फूट रुंद आहे. तीन बार्ज शेजारी-शेजारी लावले की रुंदी होते १०५ फूट, म्हणजे दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फुटांची फट. तेवढ्या फटीतून वीस हजार टनांचा तांडा आत न्यायचा असतो, आणि तो पाण्यात असल्यामुळे ब्रेक लावून थांबत नाही. लांबीला तर तो हौदात मावतच नाही. मग पहिले नऊ बार्ज आत घ्यायचे, तारा सोडायच्या, बोट आणि उरलेले सहा मागे न्यायचे, दार बंद करायचं, पाणी सोडायचं, नऊ बार्ज दोराने ओढून बाहेर काढायचे, हौद पुन्हा भरायचा, उरलेले आत घ्यायचे आणि शेवटी सगळं परत बांधायचं. यात दीड-दोन तास जातात. मका, सोयाबीन, कोळसा, खत, वाळू असल्या मालाला एवढी सवड असते. दोन दिवस उशीर झाला तरी त्यांचं काही बिघडत नाही.

नदीचा लहरीपणा वेगळाच. बार्जचा तळ १९५ बाय ३५ फूट असल्याने पाणी एक इंच उतरलं की त्याला सुमारे १६ टन माल कमी घ्यावा लागतो. पाणी एक फुटाने उतरलं तर पंधरा बार्जच्या तांड्यावर जवळपास २,९०० टनांची घट. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मिसिसिपीचं पाणी इतकं आटलं की ऐन धान्याच्या हंगामात बार्ज गाळात रुतले आणि भाडी विक्रमी चढली. त्याआधी २०१८ मध्ये ऱ्हाईन नदीचंही असंच झालं आणि जर्मनीतल्या कारखान्यांना कच्चा माल वेळेवर मिळेना.

बार्ज बघायला अमेरिकेपर्यंत जायला नको. रायगडमध्ये धरमतरच्या खाडीत रोज बार्ज दिसतात. समुद्रातून आलेलं लोहखनिज आणि कोळसा ते अंबा नदीच्या मुखातून डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या धक्क्यापर्यंत आणतात. अंबा नदी हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १० आहे. तिथे पाणी भरतीचं असतं, ते दिवसातून दोनदा फुकट येतं. आणि कारखाना काठावरच असल्याने धक्क्यावर उतरवलेला माल पुन्हा ट्रकमध्ये भरायची गरज पडत नाही. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे.

मग गोदावरीचं काय?

कागदावर नाशिक हे राष्ट्रीय जलमार्गाचं टोक आहे, हे फार कमी नाशिककरांना माहीत असेल. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातल्या जलमार्गांची संख्या १११ केली. त्यात जलमार्ग क्रमांक ४ गोदावरीतून तेलंगणातल्या भद्राचलमपासून थेट नाशिकपर्यंत, १,१८४ किलोमीटर वाढवला.

जाहीर करणं आणि बार्ज चालणं यांत किती अंतर आहे ते पाहू. नाशिकला नदीचं पात्र समुद्रसपाटीपासून ५०० मीटरहून उंच आहे. भद्राचलमपर्यंत ती ढोबळमानाने ५०० मीटर उतरते. मिसिसिपीच्या त्या टप्प्यापेक्षा हा उतार चौपट आहे, आणि अंतर जवळपास तेवढंच. तशाच पायऱ्या करायच्या तर शंभराहून जास्त बंधारे आणि तितकेच लॉक लागतील, तेही महाराष्ट्रात तर बेसॉल्टच्या खडकात. वाटेत नांदूरमधमेश्वर, जायकवाडी, विष्णुपुरी, श्रीरामसागर आहेतच, आणि ते सगळे सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेत. जायकवाडीच्या भिंतीतून बोट पलीकडे जात नाही.

पाण्याचा प्रश्न त्याहून मोठा. ६०० बाय ११० फुटांचा एक लॉक दहा फूट उतरवायचा म्हटलं तरी प्रत्येक वेळी सुमारे पावणेदोन-दोन कोटी लिटर पाणी खाली सोडावं लागतं. गंगापूर-दारणातून जायकवाडीला किती पाणी सोडायचं यावर ज्या खोऱ्यात दर काही वर्षांनी कोर्टकचेऱ्या होतात, तिथे मालवाहतुकीसाठी वर्षभर नऊ फूट पाणी राखणं मला तरी कल्पनेतही येत नाही. मिसिसिपीला बर्फ वितळून आणि बाराही महिने पडणाऱ्या पावसातून पाणी मिळतं. गोदावरीला मिळतं ते चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या गळ्यापर्यंत पाणी चढतं, तेव्हाही बार्ज चालवता येणार नाहीत.

आणि समजा हे सगळं केलं, तरी नदी आपल्याला नेणार आंध्रातल्या राजमहेंद्रीला. नाशिकचा माल जातो मुंबई, दिल्ली, कोलकाता, गुवाहाटीला.

हा प्रयत्न पूर्वी झालेला आहे. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमचा बंधारा बांधणारे इंजिनिअर सर आर्थर कॉटन यांचं ठाम मत होतं की भारताने रेल्वेवर पैसा घालण्याआधी कालवे आणि जलमार्ग करावेत. वऱ्हाड-नागपूरचा कापूस गोदावरीतून पूर्व किनाऱ्याला न्यायचा म्हणून १८६० च्या दशकात वरच्या गोदावरीतले खडकाळ अडथळे ओलांडायचं काम सुरूही झालं. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते अर्ध्यावर सोडून दिलं. तोवर, १८६७ मध्ये, रेल्वे नागपूरला पोहोचली होती आणि वऱ्हाडचा कापूस भुसावळ, मनमाड, नाशिकरोड, थळ घाट या वाटेने मुंबईला उतरू लागला होता.

पैसा जातो तो दोन्ही टोकांना

आता पुन्हा त्या ८६ पैशांकडे. रेल्वेला एवढं कमी इंधन लागतं तर बाकीची बचत गेली कुठे?

कांद्याची वाट सुरुवातीपासून पाहा. शेतातून ट्रॅक्टरने बाजार समितीत, लिलाव, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर. तिथे प्रतवारी होऊन गोण्या भरल्या जातात. ट्रक खळ्याच्या दारात लागतो. हमालांनी एकदा भरला की तो दिल्लीच्या आझादपूर मंडईतल्या गाळ्यासमोर एकदाच रिकामा होतो. रेल्वेने जायचं तर खळ्यावर ट्रक भरा, मालधक्क्यावर रिकामा करा, वॅगन भरा, दिल्लीला वॅगन रिकामी करा, पुन्हा ट्रक भरा, मंडईत रिकामा करा. दोनच्या जागी सहा वेळा हमाली. आणि कांदा म्हणजे लोखंड नाही. दर फेकाफेकीत तो थोडा ठेचतो, आणि ठेचलेला कांदा शेजारच्यालाही सडवतो.

वॅगनचंही तसंच. बंद वॅगनमध्ये साठ टनांच्या आसपास माल बसू शकतो. कांदा एक्सप्रेसच्या हिशोबात वॅगनमागे ३८ टन येतात. कांदा हलका आणि जागा खाणारा माल आहे, शिवाय तो श्वास घेतो, उष्णता आणि ओल सोडतो. पत्र्याच्या बंद डब्यात हवा खेळली नाही तर मधल्या गोण्या घामेजतात. म्हणून छपरापर्यंत ठासून भरता येत नाही. ट्रकच्या उघड्या हौद्याला ताडपत्री लावली तरी चालत्या गाडीत वारा लागत राहतो.

मग रेकची अट. एका दिवसात, एका जागेवरून, एकाच ठिकाणी जाणारा दीड हजार टन कांदा कुणाकडे असतो? सरकारकडे असतो, कारण त्याचा साठा तेवढा असतो. दहा-वीस व्यापारी एकत्र आले तर त्यांच्याकडेही असतो. एकट्या-दुकट्याकडे नसतो. शिवाय रेक लागल्यावर ठरलेल्या तासांत तो भरून द्यावा लागतो, उशीर झाला तर डॅमरेज, म्हणजे खोळंब्याचा दंड, भरा. रात्री दोनला रेक लागला तर रात्री दोनला हमाल हवेत.

ट्रकवाल्याचा सर्वांत मोठा हुकमी एक्का भाड्यापेक्षा वेगळा आहे. गाडी ग्वाल्हेरपर्यंत पोहोचली आणि दिल्लीचा बाजार दोनशेने पडल्याचा फोन आला, तर व्यापारी ड्रायव्हरला सांगतो, गाडी आग्र्याला घ्या. रेल्वेची वॅगन अशी मधेच सहज वळवता येत नाही. ज्या मालाचा भाव सकाळ-संध्याकाळ बदलतो, त्याच्यासाठी ही सोय किलोमागे ८६ पैशांहून जास्त मोलाची असते. व्यापारी रेल्वेकडे का वळत नाहीत असं विचारणारे बरेचदा हे विसरतात.

वेगाचं तर काही बोलायलाच नको. आपल्याकडे मालगाडीचा सरासरी वेग ताशी २५ किलोमीटरच्या आसपास राहिला आहे, कारण प्रवासी गाडी आली की मालगाडी बाजूला उभी राहते. आणि प्रवासी भाडी खर्चापेक्षा कमी ठेवल्यामुळे होणारा तोटा रेल्वे मालवाहतुकीच्या कमाईतून भरून काढते. म्हणजे पोलादी चाकाने वाचवलेल्या इंधनाचा काही भाग आपल्याच स्वस्त तिकिटात जातो.

देशाचा साधारण ७० टक्के माल रस्त्याने का जातो, याची कारणं ही अशी आहेत. रेल्वेचा वाटा पाचव्या हिश्श्याहून कमी आहे आणि नदी-खाड्यांचा दोनेक टक्के.

पण ट्रकच्या भाड्यात सगळा खर्च धरलेला नसतो, हेही तितकंच खरं. रस्त्यांचं नुकसान ॲक्सलवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. ॲक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर रस्ता दुप्पट खराब होत नाही, सोळापट होतो. ओव्हरलोड भरलेल्या गाडीने पिंपळगाव ते नाशिक रस्त्याला पाडलेला खड्डा कुणाच्याच बिल्टीत लिहिलेला नसतो. तो आपण सगळे भरतो, कुणी करातून, कुणी दवाखान्यातून.

कोळसा एकीकडे, द्राक्षं दुसरीकडे

नाशिकमध्येच रेल्वेचं आदर्श गिऱ्हाईक आहे, एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र. २१० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला तीन हजार टनांहून जास्त कोळसा जाळतो, म्हणजे कोळशाने पूर्ण भरलेला जवळपास एक रेक रोज. माल एकच, गिऱ्हाईक एकच, रूळ थेट आवारात आणि कोळशाला ठेचण्याची भीती नाही. इथे कुणी ट्रकचा विचारही करणार नाही. धरमतरचं लोहखनिज आणि एकलहऱ्याचा कोळसा यांच्यात साम्य आहे ते एवढंच की दोन्हीकडे शेवटच्या टोकाला गाडी बदलावी लागत नाही.

द्राक्षं अगदी दुसऱ्या टोकाला. दिंडोरी-निफाडच्या पॅकहाउसमध्ये पेट्यांत भरून, थंड करून चाळीस फुटी रीफर कंटेनरमध्ये साधारण तेरा टन माल बसतो. शून्य अंशाच्या आसपास तापमान आणि सोबत जनरेटर. कंटेनर ट्रेलरवर बसून रात्रीत न्हावा शेवाला पोहोचतो आणि तिथून जहाजाने रॉटरडॅमला. दोनशे किलोमीटरच्या आतबाहेरच्या या टप्प्यावर रेल्वे शिरू शकत नाही. अंतर कमी असलं की मधल्या प्रवासात वाचणारं इंधन दोन्ही टोकांची चढ-उतार भरून काढत नाही. वर घाट आहेच. पण द्राक्षांचा कंटेनर एक गोष्ट शिकवतो. पेटी एकदा बंद झाली की युरोपातल्या गोदामापर्यंत कुणी आतल्या मालाला हात लावत नाही. ट्रेलरवरून क्रेनने उचलून जहाजावर जाते ती अख्खी पेटी. हमाली मालाची होत नाही, पेटीची होते.

याच विचाराचा मराठी मुलखातला जुना अवतार कोकण रेल्वेवर १९९९ पासून चालू आहे. कोलाडला भरलेले ट्रक सपाट वॅगनवर चढवतात, चाकांना अटकावाचे ठोकळे लावतात आणि गोव्यात वेर्ण्याला ट्रक आपल्या चाकांवर खाली उतरतो. रो-रो म्हणतात त्याला. माल ट्रकमध्येच राहतो, घाटवळणं रेल्वे पार करते.

किसान रेलनेही काही काळ वेगळी वाट दाखवली होती. पहिली गाडी ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला निघाली. १,५०० किलोमीटरहून थोडं जास्त अंतर तिने बत्तीस तासांच्या आसपास कापलं, कारण ती वेळापत्रकाने धावत होती. तिच्यात अख्खा रेक एकट्याने भरायची गरज नव्हती, थोडा मालही घेतला जायचा. भाजीपाला-फळांच्या भाड्यावर निम्मं अनुदान होतं. अनुदानाचा काळ सरला आणि तिचा जोर ओसरला. माझ्या मते त्या गाडीची खरी ताकद अनुदानात नव्हती, ठरलेल्या वेळी सुटण्यात होती. डाळिंब किंवा ढोबळी मिरची घेऊन स्टेशनवर जाणाऱ्याला गाडी मंगळवारी सुटते म्हणजे मंगळवारीच सुटते एवढी खात्री असली, तर तो थोडं जास्त भाडंही देईल.

निफाड साखर कारखान्याच्या जागेवर ड्रायपोर्ट, म्हणजे बंदराची कामं जमिनीवरच उरकणारं मालकेंद्र, करायची चर्चा बरीच वर्षं चालू आहे. पुढच्या वेळी त्याबद्दल सभा किंवा बातमी झाली की एकरांचा आणि कोटींचा आकडा बाजूला ठेवून तीन गोष्टी विचाराव्यात. रूळ थेट शेडच्या कडेपर्यंत येतो का. रीफर कंटेनर उभा ठेवायला विजेचे पॉइंट आहेत का. आणि पाच टन माल घेऊन आलेल्या शेतकरी कंपनीला जागा देणारी गाडी ठरलेल्या वारी सुटणार आहे का, की तिथेही रेक भरायला दीड हजार टन आणा असंच सांगणार.